बोरघाटातील पटकी आणि अर्भकाची जलशुष्कता : एका विलंबाचा इतिहास

मावळ तालुक्याचा पश्चिम भाग हा महाराष्ट्रातील अतिपर्जन्याच्या प्रदेशांपैकी एक होय. लोणावळा-खंडाळ्याच्या परिसरात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. इंद्रायणी येथेच उगम पावते, पवना याच डोंगररांगांतून निघून पूर्वेस वाहते, आणि या घाटमाथ्यावर अडविलेल्या पाण्यावर १९१५ साली खोपोलीचे विद्युत्‌गृह सुरू झाले. अशा प्रदेशात पाण्यावाचून मृत्यू यावा ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परंतु ओढ्याविहिरींत गढूळ पाणी उतरण्याचे दिवस तेच अर्भकांच्या जुलाबांचेही दिवस असतात, आणि बाहेर पावसाची धार लागलेली असताना पाळण्यातले मूल शरीरातील पाणी संपल्यामुळे दगावते. या मृत्यूचे कारण काय, ते केव्हा कळले, आणि कळल्यानंतरही त्याचे निवारण होण्यास इतका काळ का लागला, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. त्यासाठी आरंभ बोरघाटापासून करणे सोयीचे होईल. कारण या रोगाचा मार्ग आणि या भूमीचा मार्ग हे दोन्ही एकाच घाटातून गेलेले आहेत.

१

१८१७ साली बंगालमध्ये उद्भवलेली पटकीची साथ पुढील वर्षी दख्खनमध्ये शिरली. १८१८ च्या पावसाळ्यात ती पुण्यात होती. तेथून पनवेल आणि पनवेलहून मुंबई असा तिचा प्रवास झाला. पेशवाई बुडाली त्याच वर्षाची ही गोष्ट. पुणे आणि पनवेल यांच्यामध्ये बोरघाट आहे. सैन्य, बाजारबुणगे, व्यापारी आणि वाटसरू ज्या वाटेने उतरत त्याच वाटेने रोगही उतरला, हे तत्कालीन डॉक्टरांच्याही ध्यानात आले होते.

यानंतर चार दशकांनी याच घाटात भारतातील त्या काळचे एक मोठे बांधकाम सुरू झाले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा बोरघाटातील चढाव बांधण्यास १८५६ च्या जानेवारीत प्रारंभ झाला. जेम्स बर्कले हे त्या रेल्वेचे प्रमुख अभियंता होते. सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ चढावयाचा, आणि त्यासाठी काळ्या कातळातून बोगद्यांची मालिकाच खोदावयाची, असे हे काम होते. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला, तरी घाट मधे उरलाच. तो मार्ग १८६३ च्या एप्रिलमध्ये खुला होईपर्यंत प्रवाशांना खालची गाडी सोडून पालखीने, तट्टावरून किंवा पायी घाट चढून वरची गाडी गाठावी लागे. पहिले कंत्राटदार फॅव्हिएल यांनी १८५९ मध्ये काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल हे येथे आल्यावर थोड्याच काळात आजारी पडून त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेर मरण पावले, आणि पुढील काम त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी अभियंत्यांची योजना करून पार पाडले. १८६१ च्या आरंभी या घाटात बेचाळीस हजारांहून अधिक माणसे कामावर होती.

ही माणसे डोंगराच्या कडेस झोपड्या बांधून राहत. ती एकटी आलेली नव्हती. पुरुष सुरुंग लावीत, स्त्रिया व वाढती मुले माती आणि दगड वाहत, आणि तान्ही मुले झोपड्यांत वा कामाच्या जागेजवळच असत. पावसाळ्यात बहुतेक काम थंडावे व लोक गावी परतत. कोरड्या ऋतूत ते पुन्हा गोळा होत. म्हणजे जेव्हा कातळावरील झरे आटत, नेमकी तेव्हाच माणसांची संख्या सर्वाधिक असे. थोडे पाणी, पुष्कळ माणसे आणि मलविसर्जनाची कोणतीही व्यवस्था नाही, ही परिस्थिती पटकीस अत्यंत अनुकूल होती. १८५९-६० च्या हंगामात घाटात पटकीची प्राणघातक साथ पसरली आणि कामाची गती त्यामुळे खुंटली. इतिहासकारांनी या मृत्यूंची चर्चा केली आहे ती मुख्यतः मजुरीच्या, कंत्राटाच्या आणि बांधकामाच्या खर्चाच्या संदर्भात. ते योग्यच आहे. परंतु हजेरीपटावर नाव असे ते काम करणाऱ्याचे. अर्भकाचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नव्हते. त्यामुळे बोरघाटाच्या इतिहासात मजूर निनावी का होईना, पण संख्येने तरी आहे. त्याचे तान्हे मूल मात्र संख्येनेही नाही.

२

या साथीच्या वेळी पटकीने माणूस का मरतो हे कोणासच ठाऊक नव्हते, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. घाटातील साथीच्या पूर्वी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे ही गोष्ट सिद्ध झाली होती. १८३१ च्या अखेरीस पटकी इंग्लंडातील सन्डरलंड येथे पोहोचली असता विल्यम ब्रूक ओशॉनसी या तरुण डॉक्टराने रोग्यांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले. रक्तातील पाण्याचा आणि क्षारांचा मोठा अंश नाहीसा झाला असून तो रोग्याच्या मलात सापडतो, असे त्याला आढळले. गेलेले पाणी व क्षार परत द्यावेत, हा निष्कर्ष त्यातून सरळ निघत होता. १८३२ च्या मे महिन्यात स्कॉटलंडातील लीथ येथे टॉमस लॅटा यांनी तो कृतीत आणला. मरणोन्मुख रोग्यांच्या शिरेत त्यांनी क्षारयुक्त पाणी सोडले, आणि नाडी लागत नसलेली माणसे काही वेळात बोलू लागली. पहिली रुग्ण स्त्री अशीच सुधारली. पण जुलाब चालूच राहिले, पाणी देणे मात्र थांबले, आणि ती काही तासांत मरण पावली. एकदा पाणी देऊन भागत नाही, जितके जाते तितके देत राहावे लागते, हा धडा या पहिल्याच प्रसंगात होता.

लॅटा पुढच्याच वर्षी वारले आणि त्यांची पद्धतीही मागे पडली. जंतुविरहित पाणी, निर्धोक सुया व क्षारांचे योग्य प्रमाण यांपैकी काहीच त्या काळी हाताशी नव्हते, हे त्याचे एक कारण होय. दुसरे कारण विचाराचे होते. रोग म्हणजे शरीरात शिरलेले विष आणि जुलाब म्हणजे ते विष बाहेर टाकण्याची निसर्गाची क्रिया, अशी बहुसंख्य डॉक्टरांची धारणा होती. म्हणून रक्त काढणे, कॅलोमेल हे पाऱ्याचे रेचक देणे, अफूचा अर्क पाजणे हे उपचार पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. तहानेने व्याकूळ झालेल्या रोग्यास पाणी नाकारणे हाही त्या उपचारांचा भाग असे. ज्याच्या रक्तात पाणी उरलेले नाही त्याचेच रक्त काढावयाचे, ही त्या काळची सन्मान्य चिकित्सा होती.

ओशॉनसी यांचे पुढील चरित्र या संदर्भात विचार करण्यासारखे आहे. ते कंपनी सरकारच्या वैद्यकीय सेवेत शिरून १८३३ मध्ये बंगालला आले, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि १८५० नंतरच्या दशकात त्यांनीच भारतातील तारायंत्राचे जाळे उभारले. घाटातील साथीच्या वेळी कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे त्यांच्या तारेने जोडलेली होती. ज्या माणसाने पटकीतील मृत्यूचे कारण दाखवून दिले त्याचीच तार या देशात सर्वत्र पोहोचली; त्याचे ते ज्ञान मात्र पोहोचले नाही. साम्राज्यास तारेची जितकी निकड होती तितकी मजुराच्या झोपडीतील त्या ज्ञानाची नव्हती, हे त्याचे स्पष्टीकरण अपुरे असेल, परंतु अयथार्थ नाही.

३

त्या झोपडीत काय होत असे? सह्याद्रीच्या गावांत पटकीचे दैवत म्हणजे मरीआई. साथ आली की देवीचा गाडा सजवून, वाजतगाजत गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडावयाचा, अशी प्रथा होती; मग पुढच्या गावाने तो आणखी पुढे न्यावयाचा. या प्रथेकडे केवळ अज्ञान म्हणून पाहणे सोपे आहे. पण रोग एका गावाहून दुसऱ्या गावास जातो हे निरीक्षण तिच्यात आहेच, आणि शिवेबाहेर तो कोणाकडे जातो याविषयीची उदासीनताही आहे.

घरगुती ज्ञानाचे स्वरूपही असेच संमिश्र दिसते. आपल्या बायकांना अर्भकाची टाळू चांगली परिचित असते. ती रोज तेलाने भरावयाची, तिच्यावर हात फिरवून मुलाची प्रकृती जोखावयाची, हा बाळंतिणीच्या खोलीतील नित्याचा व्यवहार आहे. जुलाब लागलेल्या मुलाची टाळू खाली बसते, डोळे खोल जातात, तोंड कोरडे पडते आणि मूल मलूल होते, ही लक्षणे आजीच्या नजरेतून सुटत नसत. वैद्यकाच्या पुस्तकांनी जलशुष्कतेची म्हणून जी चिन्हे नोंदविली, त्यांपैकी कित्येक आपल्या भाषेत पूर्वीपासून होती. भाताची पेज आणि तिची निवळ ही पथ्येही योग्य दिशेची होती. पिष्टमय पदार्थ व मीठ एकत्र दिले असता आतडे पाणी शोषून घेते, हे पुढे प्रयोगांनीही दिसून आले.

चूक चिन्हांत नव्हती, त्यांच्या अर्थात होती. बसलेली टाळू हे दृष्ट लागल्याचे लक्षण ठरे, किंवा टाळूच वर आणण्याचे उपाय होत. वरून तेल घातले जाई, आतून पाणी दिले जात नसे. त्याहून घातक अशी समजूत म्हणजे, पाणी पाजले की जुलाब वाढतात, म्हणून जुलाब थांबेतो पाणी व दूध बंद ठेवावे. या समजुतीस प्रत्यक्षाचा आधार आहे असे वाटते, कारण न पाजलेल्या मुलाचे जुलाब शेवटी खरोखरच कमी होतात; मात्र ते बाहेर टाकण्याजोगे काही उरले नाही म्हणून. येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. मावळातील आजीची ही चूक आणि १८५९ मधील सुशिक्षित डॉक्टराची चूक या एकाच जातीच्या आहेत. दोघांचेही लक्ष जुलाबांवर होते. मुलाच्या अंगातील पाण्यावर नव्हते.

४

हे लक्ष दुसरीकडे वळण्यास शंभर वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी शिरेतून क्षारजल देण्याची पद्धती पुन्हा सुरू करून पटकीतील मृत्यू बरेच कमी केले. परंतु शिरेतून पाणी देण्यास रुग्णालय, डॉक्टर व निर्जंतुक द्रव यांची आवश्यकता असते, आणि अर्भकाची शीर सापडणे हे तर कुशल हातांनाही कठीण. डोंगरातल्या वाडीवर या उपायाचा उपयोग मर्यादितच होता. तोंडावाटे दिलेले पाणी आतड्यात टिकेल काय, हा खरा प्रश्न होता.

१९५३ मध्ये कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी मीठ व ग्लुकोज यांचे पाणी तोंडावाटे देऊन पटकीचे १८६ रोगी बरे केल्याचे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९५९ मध्ये, म्हणजे बोरघाटातील साथीस बरोबर शंभर वर्षे होत असता, शंभुनाथ डे यांनी कलकत्त्यातच सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखविले की पटकीचा जंतू एक विष स्रवतो व त्या विषामुळे आतड्यात पाणी झिरपते. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी आतड्याच्या पेशीत ग्लुकोज व सोडियम हे जोडीने आत घेतले जातात ही कल्पना मांडली. या जोडीमागोमाग पाणीही आत जाते, आणि ही वाट पटकीच्या विषाने बंद होत नाही. साधे पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी का पुरत नाही व त्यात साखर मिसळताच ते का टिकते, याचा उलगडा यातून झाला. १९६८ मध्ये डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी ढाक्यात रोग्यांवर याचा पडताळा घेतला.

खरी कसोटी १९७१ साली लागली. बांगलादेशाच्या युद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली व शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत भरून रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती देण्याचा निर्णय घेतला. जेथे सुमारे तीस टक्के रोगी दगावत होते तेथे हे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. बनगावची छावणी आणि बोरघाटातील झोपड्या यांची तुलना येथे अपरिहार्यपणे मनात येते. चिखल, गर्दी, दूषित पाणी आणि डॉक्टरांची वाण ही दोन्ही ठिकाणी सारखीच होती. मीठ आणि साखर १८५९ मध्येही खंडाळ्याच्या बाजारात होतीच. भेद फक्त दोन गोष्टींचा होता : प्रमाणाच्या ज्ञानाचा, आणि ते रोग्याच्या आईच्या हाती सोपविण्याच्या धैर्याचा.

५

पटकीवरील हा उपाय अर्भकांच्या सर्वच जुलाबांना लागू पडतो. अर्भकांचे बहुतेक जुलाब पटकीचे नसतात. १९७३ मध्ये शोध लागलेला रोटाव्हायरस हे त्यांचे एक प्रमुख कारण होय. जंतू कोणताही असो, मृत्यूचा मार्ग एकच, म्हणून निवारणाचाही एकच. अर्भकास धोका अधिक असण्याची कारणे शारीरिक आहेत. नवजात मुलाच्या वजनापैकी सुमारे पाऊण भाग पाणी असते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्र मोठे, श्वास जलद व मूत्रपिंडे अपक्व असतात. आणि मुख्य म्हणजे तहान लागली हे त्यास सांगता येत नाही. पाच किलो वजनाच्या मुलाच्या शरीरातून अडीचशे मिलिलिटर पाणी गेले की जलशुष्कता दिसू लागते, आणि अर्धा लिटर गेले की जीव धोक्यात येतो. एका दिवसाच्या जुलाबांत हे घडू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेली चिन्हे अशी आहेत. मूल अस्वस्थ व किरकिरे असेल, डोळे खोल गेले असतील, पाणी दिल्यावर ते अधाशासारखे पीत असेल, आणि बेंबीच्या बाजूस पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली असता ती सावकाश पूर्ववत होत असेल, तर यांपैकी दोन चिन्हे जलशुष्कता ओळखण्यास पुरेशी होत. मूल गुंगीत वा बेशुद्ध असेल, डोळे खोल गेले असतील, त्यास पिताच येत नसेल, कातडीची घडी दोन सेकंदांहून अधिक काळ टिकत असेल, तर यांपैकी कोणतीही दोन चिन्हे गंभीर अवस्था दर्शवितात. अशा मुलास विनाविलंब रुग्णालयात नेऊन शिरेतून द्रव दिले पाहिजे, व वाटेत पिऊ शकत असल्यास घोट घोट पाजीत राहिले पाहिजे. बसलेली टाळू, कोरडे तोंड आणि तासन्‌तास लघवी न होणे ही पूरक चिन्हे होत. कुपोषित मुलाची कातडी मुळातच सैल असते, म्हणून तेथे केवळ चिमटीवर विसंबता येत नाही. दोन महिन्यांहून लहान मुलात तहान हे चिन्ह धरीत नाहीत. इतके लहान मूल जुलाबांनी मलूल झाले की त्यास डॉक्टरकडे नेणे हेच इष्ट.

परंतु चिन्हे दिसण्याची वाट पाहणे हीच या विषयातील जुनी चूक आहे. चिन्हे दिसू लागतात तेव्हा वजनाचा विसावा भाग गेलेला असतो. म्हणून पहिल्या पातळ जुलाबापासूनच भरपाई सुरू करावयाची : दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबामागे पन्नास ते शंभर मिलिलिटर जलसंजीवनी, चमच्याने, सावकाश. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश. स्तनपान मुळीच थांबवावयाचे नाही, उलट वाढवावयाचे. सहा महिन्यांखालील अंगावर पिणाऱ्या मुलास जलसंजीवनीव्यतिरिक्त दुसरे पाणी नको. पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यातच विरघळवावयाची. कमी पाण्यात केलेले खारट मिश्रण अर्भकास अपाय करते, आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावयाचे. जलशुष्कता दिसू लागली असल्यास किलोमागे पंच्याहत्तर मिलिलिटर या हिशेबाने चार तासांत भरपाई करून पुन्हा तपासावयाचे. जुलाब बंद करणारी औषधे अर्भकास देऊ नयेत.

या मिश्रणाच्या इतिहासात अर्भकाने स्वतःची नोंद केली आहे हे लक्षणीय होय. आरंभीचे सूत्र पटकीच्या रोग्यासाठी योजलेले, म्हणून त्यात लिटरमागे नव्वद मिलिमोल सोडियम होते. इतर जुलाबांत सोडियम कमी जाते. त्यामुळे मुलांसाठी ते अधिक आहे काय, हा वाद बराच काळ चालला. अखेर २००२ मध्ये सोडियम व ग्लुकोज दोन्ही प्रत्येकी पंच्याहत्तर मिलिमोलवर आणले गेले. २००४ पासून जस्ताची जोड सुचविण्यात आली, आणि २०१६ पासून भारताच्या लसीकरण कार्यक्रमात रोटाव्हायरसवरील लस टप्प्याटप्प्याने आली. हजेरीपटावर जे कधी नव्हते त्या अर्भकाच्या गरजेने जगाचे सूत्र बदलले.

६

तथापि विलंबाचा इतिहास येथे संपला असे म्हणता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये भारतातील जुलाब झालेल्या मुलांपैकी ५०.६ टक्के मुलांना जलसंजीवनी मिळाली. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ६०.६ टक्के झाले. म्हणजे बनगावनंतर अर्धशतकाने दहांपैकी चार मुलांपर्यंत ती पोहोचली नव्हती. औषध महाग नाही, दुर्मीळ नाही, आशा कार्यकर्तीच्या पिशवीतच ते असते. मग अडते कोठे? बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात घरोघर जाऊन कोट्यवधी मातांना मीठ व गूळ यांचे पाणी स्वतःच्या हातांनी करावयास शिकविले. त्या अनुभवावरून असे दिसते की येथे अडसर वस्तूचा नसून अर्थाचा आहे. जोवर जुलाब थांबणे हीच बरे होण्याची खूण मानली जाते, तोवर जुलाब न थांबविणारे हे पाणी आईला, आणि पुष्कळदा डॉक्टरालाही, औषध वाटतच नाही.

एतावता या इतिहासाचे तात्पर्य हे की, जलशुष्कतेविरुद्धच्या लढ्यात ज्ञानाचा शोध हा अर्धाच भाग होता. ओशॉनसी यांना १८३१ मध्ये जे रक्तात दिसले ते आजीला टाळूवर दिसतच होते. दोन्ही ज्ञानांची गाठ मात्र शंभराहून अधिक वर्षे पडली नाही. आंदर मावळात किंवा पवन मावळात पावसाळी संध्याकाळी एखाद्या घरात मूल जुलाबांनी मलूल होते आणि आजी त्याच्या टाळूवरून हात फिरवून ती बसली असे म्हणते, तेव्हा निदान झालेले असते. त्यापुढे तिने तेलाची वाटी घ्यावी की पुडी कालवलेल्या पाण्याची, एवढाच प्रश्न उरतो. समाजवैद्यकाच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी तिला नवी चिन्हे शिकविण्याऐवजी तिच्या जुन्या चिन्हांना हा नवा अर्थ दिला, तर घाटातील त्या अगणित झोपड्यांचे ऋण काही अंशी फिटेल.